धोंडिरामची हाक

घाटकोपरच्या डोंगरावरच्या झोपडपट्टीतला धोंडिराम मुळात जलशातला सोंगाड्या. मराठवाड्यात गावी असताना पाटलाची नक्कल करून अख्ख्या वस्तीला पोट धरून हसवायचा. मग अठ्ठ्याहत्तर साली, नामांतराच्या दंगलीत, गावानं त्यांची वस्ती पेटवली. म्हातारी आई आतच राहिली. घसा फुटेस्तोवर त्यानं हाका मारल्या, ती काही आली नाही. मुंबईत हे फक्त बायकोला, नंदाला, ठाऊक. पोरगी रतन तेव्हा अंगावर पीत होती, आणि पुढंही तिला कुणी सांगितलं नाही.

मुंबईत तो सिनेमाच्या गर्दीत उभा राहायची कामं करायचा. शहाऐंशीला मढला एका मराठी सिनेमाचं शूटिंग निघालं. गोष्ट वस्ती जाळल्याची, आणि सिनेमा विनोदी! आता बोला. धोंडिराम बिथरलाच. पण दिग्दर्शक चंद्रप्रकाश माणूस वाईट नव्हता. लोक रडायला थेटरात येत नाहीत, हसता हसता मात्र कडू घोट घेतात, असं त्यानं समजावलं. धोंडिरामला ते पटलंही. जलशात त्यानं दुसरं काय केलं होतं?

धोतर पेटलेला म्हातारा झोपडीतून पळत येतो आणि पाण्याच्या पिंपात बसतो, एवढंच काम. झोपड्या खोट्या, पण धूर खरा. तो नाकात गेला आणि धोंडिराम अर्ध्यातून मागं वळून ओरडला, "माय, भाईर ये वं!" हे ठरलेलं नव्हतं. सगळं युनिट खो खो हसलं. चंद्रप्रकाशनं तेच ठेवलं.

शूटिंगमधला आवाज तेव्हा वापरत नसत, नंतर स्टुडिओत भरत. धोंडिरामला सांताक्रूझला बोलावून तेच वाक्य किरट्या आवाजात म्हणायला सांगितलं. तो माइकपासून मागं सरला.

"साहेब, आम्ही पाटलाला हसायचो. आईला नाही," तो म्हणाला. "तेवढं काढा."

चंद्रप्रकाश ओशाळला, पण सगळा हशा तिथंच आहे म्हणाला. किरटा आवाज दुसऱ्यानं दिला.

सिनेमा धो धो चालला, आणि त्या हाकेची पार वाट लागली. नळावर, शाळेत, जो तो तेच ओरडायचा.

एका संध्याकाळी धोंडिराम उंबऱ्यावर बसला होता. रतन शाळेतून आली आणि नाक दाबून घरात ओरडली, "माय, भाईर ये वं!" नंदा हात पुसत बाहेर आली आणि नवऱ्याचं तोंड बघून दारातच थबकली.

"आप्पा, जमली ना नक्कल?" रतननं विचारलं. सोंगाड्याचीच पोर ती, हुबेहूब जमली होती.

धोंडिरामनं नंदाकडं बघितलं. पोरीची माय हाकेसरशी बाहेर आली होती.

"झकास," तो म्हणाला.