हसनभाईंची पवित्र शिवी

नाटे गावाहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरनं रत्नागिरीच्या स्टँडवर हाक मारून सांगितलं, "तुमचे हसनभाई गेले हो." मी तिथंच रडायला लागलो. पुढच्या आठवड्यात आमच्या आमदारांनी शोकसभेचा फलक लावला, 'थोर धार्मिक उर्दू कवी', आणि रडू आटलं... संताप तेवढा उरला. धार्मिक? उर्दू?

हसनभाईंचे वडील नाट्याचे खलाशी, आई बसरा या अरबी बंदरातली. अरबी ही त्यांच्या आईची भाषा. तरुणपणी तिथं परक्यांच्या राज्याविरुद्ध चौकाचौकांत कविता म्हटल्या, तुरुंग भोगला, हद्दपार होऊन बापाच्या गावी आले. इथं मच्छीमारांच्या जेटीसाठी मोर्चे काढले, निवडणूक लढवून पडले; पण लिहायचे अरबीतच. आणि गावकरी? अरबी अक्षर दिसलं की कपाळाला लावायचे. सरकारला वाहिलेली लाखोली कापडात शिवून पोरांच्या गळ्यात बांधायचे! "अरे, अर्थ विचारा मेल्यांनो, मुके कसले घेता!" हसनभाई ओरडायचे. मी खदाखदा हसायचो. त्यांना हसू येत नसे.

एका निवडणुकीच्या तोंडावर आमदार त्यांच्या दारात. "हसनभाई, काहीतरी पवित्र लिहून द्या, दिवाणखान्यात लावतो." जेटीचा शब्द दोनदा गिळून बसलेला माणूस! हसनभाईंनी झोकदार अक्षरात चार ओळी लिहून दिल्या. अर्थ फक्त मला सांगितला, आणि त्या दिवशी मात्र आम्ही दोघंही पोट धरून हसलो. आमदारांनी फ्रेम केली, रोज उदबत्ती ओवाळली, निवडूनही आले. जेटी काही आली नाही. मग हसनभाईंची गंमत विरत गेली. "नाटक्या," ते मला म्हणाले, "माझी शिवीसुद्धा पोचत नाही रे. लिहू कुणासाठी?"

शोकसभेत तीच फ्रेम स्टेजवर, हार घालून! शेजारी आमदार डोळे पुसतायत. माझ्या अंगाची आग झाली. जन्मभर नाटकांत राजे रंगवलेत मी, उठलो आणि त्याच आवाजात फ्रेममधलं मराठीतून सुरू केलं, "जेटी गिळणाऱ्या, तुझ्या ताटातला मासा तुझ्या घशात जागा होवो..."

आमदारांचा रुमाल हवेतच. आणि मागून नाट्याची एक मासेवाली ओरडली, "फुडची ओळ काय ती सांगा!"

अख्ख्या आयुष्यात हसनभाईंना हे कुणी विचारलं नव्हतं.

चारही ओळी म्हटल्या. आमदारांना फ्रेम नकोशी झाली. मी ती काखोटीला मारून घरी आणली. आता ती माझ्या ओटीवर असते. येणारा जाणारा अजूनही चपला काढून हात जोडतो... मी दरडावतो, "चपला राहू देत. आधी ऐका."