गेळफळांनी मारलेला डोह

ती. दादांना शि. सा. नमस्कार.

उजवा हात आता खांद्यापर्यंत उचलतो का? वहिनींचे गुडघे कसे आहेत? धाकट्या सूनबाईचा खोकला थांबला का? आणि वकीलसाहेबांनी कवळी बसवली, की अजून पेजेवरच आहेत? इकडे डोणगावात सगळे धडधाकट. मीच तेवढा धड नाही. रागानं घास उतरत नाही, म्हणून लिहायला बसलो. चैत्रात मासे धरायला ज्यांना यायचं आहे त्या सगळ्यांना हे मोठ्यानं वाचून दाखवा.

अर्धांगाचा झटका आल्यापासून तुम्ही एकच गोष्ट मागितली. याच हातानं एकदा मासा ओढायचा, आणि तोही गळाला कोंबडीच्या पिसाची माशी बांधून, रेल्वेतल्या तुमच्या गोऱ्या साहेबानं शिकवलं तसं. म्हणून सातपुड्यातला जंगलबंगला आधी मीच पाहून आलो.

तुम्ही रेल्वेनं शेगावला उतरा. तिथून एस.टी.नं संग्रामपूर, मग सोनाळा. संग्रामपुरात पोटभर खाऊन घ्या, पुढं चहाचाही भरवसा नाही. कंडक्टर मला म्हणाला, "आबा, बांबूचं तिकीट काढा, नाहीतर टपावर टाका." तुमची गळाची काठी मी सोनाळ्यापर्यंत मांडीवर धरून नेली.

सोनाळ्याहून छकडा. वाट म्हणजे नुसते नाल्यातले गोटे, तेव्हा तुमच्याखाली भुसा-कुटाराची पोती लागतील. महाराष्ट्र झाला तरी बंगल्याच्या पाटीवर अजून 'मध्यप्रांत व वऱ्हाड'च आहे. खोल्या दोन, गार. पीठ, रॉकेल आपलं आपण न्यायचं. वाटाड्या म्हणून जवळच्या वस्तीवरचा सुकलाल ठरवला. बंगल्यामागं हाकेवर डोह आणि काठाला सपाट खडक. तुमची खुर्ची तिथं ठेवायची, एवढ्यासाठीच हा बंगला निवडला होता.

छकड्यातून उतरतो न उतरतो तोच चौकीदार गणपत हसत पुढं आला. "या आबा! तुमचं काम करून ठेवलं!" त्यानं ओलं पोतं उचललं. खाली टोपलंभर मासे. मोठे, मधले, बोटाएवढे, सगळे मेलेले.

"हे काय बे, गणपत?"

"चिठ्ठी आली होती ना, मंडळी मासे पकडाले येऊन राह्यली म्हणून. म्हाताऱ्या मानसाले उनात काऊन बसवाचं? गेळफळं कुटून डोहात टाकली, भोवंडून सारे वर आले. घरी आलेल्या पाव्हण्याले आपण पीठ दळाले लावतो काय?"

"अरे, खायला नाही! पकडायला यायचं होतं. दादा तर सोडूनही देणार होते!"

"सोडून?" मी शुद्धीवर आहे का, हे त्यानं नीट पाहून घेतलं.

सुकलाल काठावर उकिडवा बसला. संक्रांतीनंतर नदीची धार तुटू लागली की या डोहाला वस्तीतलं माणूस हात लावत नाही. आजूबाजूचे मासे इथंच जगतात आणि पावसात पुन्हा नदीभर पसरतात. पण गणपतनं वस्तीला विचारलंच नाही. बंगला सरकारी, म्हणून डोहही सरकारी म्हणे!

"पिल्लंही नाही ठेवले, गणपतभाऊ," सुकलाल म्हणाला. "आता या पान्यात काय तुमची चिठ्ठी पोहीन?"

मी तोंडाला येईल ते बोललो. गणपतनं मासे तळून पुढं ठेवले, मी ताट दूर सारलं. पैशासाठी केलं असतं तर तक्रार तरी ठोकली असती. यानं मायेनं केलं! तिथंच जास्त पेटलो.

सकाळी सुकलालनं मला नदीच्या वरच्या अंगाच्या दुसऱ्या डोहावर नेलं. तिथं मासे आहेत, सावल्यांसारखे फिरताना पाहिले. पण वाट शिळांवरून चढत जाते. माझी नडगी सोलली. तुमच्या पायांची ती वाट नाही.

परतलो तर गणपत दारातच. "खाटेले बांबू बांधून दादाले वरत नेऊ, आबा. एका अंगानं मी, दुसऱ्या अंगानं सुकलाल."

"मी काऊन?" सुकलाल म्हणाला. "डोह मारला तू, वाहाचं मी?"

"त मी दोन्ही अंगानं वाहतो!"

"कसा बे? खाट काय डोक्यावर घेशीन?" सुकलालला हसू फुटलं, मग तोच मला म्हणाला, "आना त्याहीले. मी उचलतो. पन गेळफळ घेऊन कोनी वरत आलं, त पहिले त्याले डोहात फेकीन."

घरी येऊन आठवडा झाला. राग तसाच आहे. चैत्रातली बंगल्याची नोंदणी मी मोडली नाही, पक्कीही केली नाही. खाटेचं नाव काढताच तुम्ही 'मी काय मढं आहे?' म्हणून ओरडाल, हे मला ठाऊक आहे. ओरडा. तुमचा मान सांभाळून बोलण्याइतका मी आज थंड नाही. मासे वर आहेत आणि चालत तुम्ही पोचणार नाही. खाटेवर बसता की नाही, एवढंच लिहा. उलट टपालानं लिहा, नदीची धार रोज बारीक होते आहे.

तुमचा धाकटा