अण्णांचा पाय

भाऊ पुण्याला नोकरीला गेल्यापासून आमचा ट्रॅक्टर मीच चालवते. शाळेला सुट्टी असली की कंधारहून थेट शेतात. माझे वडील, अण्णा, डाव्या गुडघ्यामुळे क्लच दाबू शकत नाहीत, म्हणून उजव्या मडगार्डवर बसून मलाच हाकतात. "गेर बदल. रेस दे. कुठं बघून राहिलीस?" स्टिअरिंग माझ्या हातात, तोंड त्यांचं. जीव नको करून सोडायचे.

त्या दिवशी मी हरभऱ्यासाठी रोटा मारून माती भुसभुशीत करत होते. विहिरीजवळच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधाला, पाइप गळून चिखल झाला होता. तिथं वळताना मागचं डावं चाक रुतलं आणि जागेवरच गरगरू लागलं. उजवं कोरड्यात असूनही गप्प उभं. मागच्या दोन चाकांच्या मधे डिफरन्शियल असतं. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त चालावं लागतं, म्हणून ते दोघांना वेगवेगळं फिरू देतं. पण एक घसरलं की सगळं फिरणं त्या घसरणाऱ्यालाच मिळतं. मग उजव्या टाचेजवळचं लॉकचं पेडल दाबायचं. दोन्ही चाकं एका जुवाला जुंपल्यासारखी सोबत फिरतात.

मी रेस कमी करून दाबणारच होते, तेवढ्यात अण्णांनी वरूनच आपला धड पाय घातला आणि पेडल दाबलं. कडकन आवाज झाला. ट्रॅक्टर उसळून चिखलाबाहेर आला. समोर बिनकठड्याची विहीर.

मी स्टिअरिंग डावीकडं तोडलं. पुढची चाकं वळली, ट्रॅक्टर सरळच. मागच्या दोन चाकांचे ब्रेक वेगवेगळे असतात, म्हणून आमच्याकडं धुऱ्यावर सगळेच एका चाकाचा ब्रेक दाबून वळतात. सवयीनं मीही डावा ब्रेक दाबला. पण मागची चाकं लॉकनं एकमेकांना जखडलेली, एकट्या ब्रेकला कोण जुमानतंय! आणि विहिरीच्या अंगाला अण्णा बसलेले.

"अण्णा, पाय काढा!"

"धरलंय दाबून, हाण तू!"

"काढा म्हणते ना!"

काढला. तरी लॉक सुटेना. चाकांवर ओढ आहे तोवर ते सुटत नाही. मग क्लच आठवला. तो दाबल्याबरोबर ओढ तुटली, लॉक सुटलं, डाव्या ब्रेकनं धरलं आणि ट्रॅक्टर तिरपा होऊन थांबला. पुढचं उजवं चाक काठापासून हातभर. ढेकळं पाण्यात पडल्याचं ऐकू आलं.

"चालवायचं तर तुम्हीच चालवा, न्हाईतर उतरा खाली!" मी किंचाळले. अण्णा गेले असते, या भीतीनंच किंचाळले.

अण्णा मडगार्ड धरून सावकाश उतरले. "लई वर्सं चालवला ना बाई. पाय ऐकत न्हाई माझं," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून ते लिंबाखाली बसतात. कुणी टोकत नाही, आणि मला ते मुळीच सहन होत नाही. परवा पुन्हा चाक चिखलात गरगरलं. मी लॉक न दाबता अण्णांकडं बघत राहिले. त्यांनी तोंड दुसरीकडं फिरवलं.