वलणीवरचा अ

किसनभाऊ पाटी शेवटच्या अक्षरापासून रंगवायचे. हे मला माहीत नव्हतं, म्हणून पहिल्याच भेटीत मी त्यांच्यावर चिडले.

नाशिकला गंगापूर रोडवर माझं बोर्ड छापायचं दुकान सुरू होणार होतं. यादीतल्या सगळ्या कामांवर खूण झाली होती, फक्त ‘दुकानाची पाटी’ उरली होती आणि नेमकं आदल्या दिवशी मशीन बंद पडलं. शेजारच्या हार्डवेअरवाल्यांनी इगतपुरीच्या एका पेंटरना बोलावून घेतलं. साठीच्या आसपासचे, काटक, हातात रंगाच्या डब्यांनी भरलेली बादली. मी चहा सांगून बाहेर आले, तर पाटीच्या अगदी उजव्या टोकाला एकटा ‘ल’ लोंबत होता.

“अहो, दुकानाचं नाव ‘सुबक डिजिटल’ आहे!”

“त्यातलाच ल हाय तो, ताई. त्याची जागा धरून बसलाय. बाकीचे येतील मागनं.” मग ब्रश पुसत म्हणाले, “पुढनं सुरू केलं की शेवटाला जागा पुरत नाय. मग लोक अक्षरं कोंबतात. कोणाचं नाव असं कोंबायचं नाय.”

संध्याकाळी पाटी पूर्ण झाली आणि मी दुसऱ्यांदा चिडले. शिरोरेषा सरळ नव्हती. दोन टोकांना वर आणि मधे सैल, कपडे वाळत घातलेल्या दोरीसारखी. अक्षरं तिला लटकत होती. उकारातून जणू पाणी ठिबकत होतं. दुसऱ्या दिवशी उद्घाटनाला आलेली माणसं मात्र पेढा हातात धरून पाटीकडेच बघत उभी राहिली.

“आमच्याकडं पावसाचे चार महिने काय वाळतंय?” किसनभाऊंनी नंतर सांगितलं. “घरातच वलणी बांधलेली. पोरपणी झोपल्या झोपल्या तेच बघायचो. बापाचा सदरा, आईचं लुगडं. तीच माझी बाराखडी.” त्यांच्या अक्षरात अनुस्वार म्हणजे दोरीवर लावलेला चिमटा असायचा.

माझं मशीन दुरुस्त झालं आणि माझ्यासारख्यांच्या दुकानांमुळे त्यांची कामं आटत गेली. त्याबद्दल ते एकदाच बोलले, तेही हसत. “तुमच्या दुकानाची पाटी मीच रंगवली ना ताई? म्हंजी माझ्या दुकानाला कुलूप मीच घातलं!” मला हसता आलं नाही. पण माझ्याकडे येणारं दर तिसरं गिऱ्हाईक म्हणायचं, “बाहेर आहे तसलं अक्षर द्या.” तेव्हा मी ठरवलं, या अक्षराचा फॉन्ट करायचा. नाव वलणी, आणि खाली किसनभाऊंचं नाव.

दर गुरुवारी ते पॅसेंजरने यायचे. कागदावर ब्रशने अक्षरं काढायचे, मी ती संगणकात घ्यायची. मी अ पासून यादी केली होती. त्यांनी ती उलटी फिरवली आणि ज्ञ पासून सुरुवात केली. मी पहिला नमुना दाखवला, त्यात सगळी अक्षरं एका उंचीवर नीट बसवली होती. त्यांनी चष्मा काढला. “ताई, तुम्ही तर इस्त्री करून घडी घातली!” मग मी प्रत्येक अक्षराची तीन रूपं केली: सुरुवातीचं उंच, मधलं खाली आलेलं, शेवटचं पुन्हा चढतं. यादी तिप्पट झाली, पण शब्द झुलायला लागला. वापराचे नियम त्यांनीच घातले. “मिसळीला चालंल, लाँड्रीला तर पळंल. दवाखान्याला द्यायचं नाय. आजाऱ्याला दारात सरळ अक्षर दिसलं पाहिजे.”

आम्ही व्यंजनं संपवून स्वरांकडे वळलो, तेव्हा त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. दर गुरुवारी थोडा जास्त. औ पासून आ पर्यंत यायला पूर्ण पावसाळा गेला. राहिला फक्त अ.

त्या गुरुवारी त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरून अ काढला. कागदामागून कागद गेले. प्रत्येकाची रेघ दातेरी. मी म्हणाले, “राहू दे भाऊ. आ चा काना काढून मी अ बनवते.”

“नाय ताई.” पहिल्यांदाच आवाज चढला होता. “मी शेवटी काढतो ते अक्षर लोक आधी वाचतात. जन्मभर तिथंच सगळा जीव राखून ठेवला. आता तेच दुसऱ्याकडनं उसनं घेऊ?”

त्यांनी अजून एक काढला, ब्रश खाली ठेवला आणि म्हणाले, “हा घ्या.”

मी तो संगणकात घेतला आणि सवयीने रेघ गुळगुळीत केली. एका बटणाचं काम. पडदा त्यांच्याकडे वळवला.

“छान हाय,” ते म्हणाले. “पण हा कोणाचा?”

मी बटण उलटं दाबलं. थरथर परत आली. तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि ब्रश धुवायला उठले.

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. आज वलणी नाशिकभर लटकते आहे. माझ्याकडे काम करणाऱ्यांसाठी भिंतीवर सूचनांची यादी आहे. माप तपासणे, रंग तपासणे, शुद्धलेखन दोनदा वाचणे. गिऱ्हाइकं सांगतात, “मॅडम, अ जरा हललाय, नीट करून द्या.” म्हणून यादीत सगळ्यात वर, माझ्या हाताने लिहिलं आहे: अ ला हात लावायचा नाही. तो किसनभाऊंचा आहे.