हौदाजवळचा खजूर

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी फुजैराला एका अरब व्यापाऱ्याच्या बागेत माळी म्हणून लागलो. डोंगराच्या पायथ्याशी त्याच्या वडिलांनी बांधलेलं जाड मातीच्या भिंतींचं घर होतं. मालक उन्हाळा काढायचा तो तिथेच. डोंगरातून आणलेला पाट हौदात पडायचा आणि हौदापासून खजुरांच्या दोन रांगा निघायच्या, अशा सरळ की बैठकीच्या खिडकीतून पाहिलं तर नजर थेट बागेच्या टोकाला जाई. मालक पाहुण्यांना त्या खिडकीशी उभं करायचा आणि म्हणायचा, "ही सगळी माझ्या काकांच्या हातची."

काका म्हणजे कोण? सख्खा नव्हे हो! बागेतला म्हातारा बलुची माळी. मालकाच्या वडिलांबरोबर रांगा आखून त्यानेच ती झाडं लावली होती. त्याला 'काका' आणि मला 'यल्ला, हिंदी!', म्हणजे 'चल रे, हिंदुस्थानी!' मी मोगरा फुलवला, लिंबं धरवली, पण पाहुणे त्याच्याच खजुरांखाली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

त्यात हौदाजवळचा एक खजूर माझ्या डोळ्यात फारच खुपायचा. मी आलो तेव्हा सगळी झाडं घडांनी वाकली होती आणि हा एकटा रिकामा, तरी पहिलं पाणी त्यालाच! आम्ही रत्नागिरीची माणसं. धरत नसलेला माड आमच्याकडे कोण पोसतं? मी गावाहून हापूसचं एक कलम आणलं होतं, ते लावायला बागेत त्याहून चांगली जागा नव्हती. खिडकीतून पहिलं दिसलं असतं ते माझं झाड.

थंडीत म्हातारा मुलखात गेला, मालक मुंबईला. मी दोन दिवस कुऱ्हाड चालवली. खलास! त्याच्या बुंध्याशेजारीच कलम लावलं आणि त्या रात्री पोटभर जेवलो.

महिन्या-दीड महिन्याने म्हातारा परतला. खजुरांना नुकते तुरे फुटत होते. तो बुंध्यापाशी उकिडवा बसला.

"किसने काटा?"

"वाळवी लागली होती," मी हिंदीत ठोकून दिलं.

त्याने बुंध्यावर अंगठा दाबून पाहिला. लाकूड टणक होतं. मग हळूच म्हणाला, "मियाँ, ये नर था. बाग में एक ही नर था."

माडाला कुठे नर-मादी असते? मला काय ठाऊक, की खजुराच्या नराचा तुरा मादीच्या तुऱ्यात हाताने खोवावा लागतो, नाहीतर त्या वर्षी फळ नाही! मालक आला की मला पहिल्या बोटीत बसवणार, हे नक्की होतं. घरी चार तोंडं माझ्या पैशांची वाट बघत होती.

म्हातारा डोंगरापलीकडच्या गावी पायी गेला. तिसऱ्या दिवशी फडक्यात नराचे तुरे बांधून आला आणि त्या वयात एकेका झाडावर चढला. मी खाली उभा राहून दोर धरला. उन्हाळ्यात घड लागले.

मालकाने आल्या आल्या विचारलं, हौदाजवळचं झाड कुठे?

म्हातारा म्हणाला, "वाळवी लागली होती. मीच तोडायला सांगितलं."

मालकाने मान हलवली, विषय संपला. माझी नोकरी वाचली. मी म्हाताऱ्याचे पाय धरायला हवे होते, नाही का? खरं सांगतो, तेव्हाइतका मी त्याच्यावर कधीच जळलो नाही. बाग त्याची होतीच. त्या दिवसापासून माझ्या ताटातली भाकरीही त्याचीच झाली, आणि ती मी पुढे सहा वर्षं खाल्ली.