जागलीचा रकाना

डॉ. सुलोचना वानखडे यांना मी प्रथम भेटलो तो यवतमाळच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात, समुपदेशकाच्या जागेसाठी मुलाखतीला गेलो तेव्हा. माझी प्रमाणपत्रे बाजूला सारून त्यांनी विचारले, "दारू सोडलेला माणूस पुन्हा का पितो?" मी पुस्तकी उत्तर दिले. "पुष्कळदा झोपेसाठी," त्या म्हणाल्या आणि मला कामावर घेतले. त्या आमच्या बाई यंदा पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या.

बाईंचे बरेचसे काम या एका उत्तराभोवती झाले. दारू सुटली तरी झोप महिनोन्महिने ताळ्यावर येत नाही आणि माणूस नेमका तेव्हाच घसरतो. म्हणून झोपेची विचारपूस त्या औषधाइतकीच काटेकोरपणे करीत. कुणी हयगय केली तर ओरडत नसत. चष्मा काढून टेबलावर ठेवीत. तेवढ्याने आमची बोबडी वळे.

माझ्यासाठी तो चष्मा निघाला झरी जामणीच्या शिबिरात. दारू सोडलेल्या कोलाम आदिवासी रुग्णांचे आणि राळेगावकडच्या कास्तकारांचे झोपेचे तक्ते भरून मी ठासून लिहिले होते, की कोलामांची झोप अधिक मोडते. भीमा आत्राम या रुग्णाला झोपेची गोळी द्यावी, अशी शिफारसही केली होती. बाईंनी भीमाला समोर बसवून एवढेच विचारले, "रात्री उठता कायले?"

"डुक्कर येते न बाई. ज्वारीवर जागल असते माही."

पिकाच्या राखणीला माझ्या तक्त्यात रकानाच नव्हता. गोळी घेऊन हा माणूस मचाणावरून पडला असता. मला विलक्षण शरम वाटली. राळेगावचे तक्तेही बाईंनी पुन्हा भरायला लावले. तिथे चारचौघांत "झोप मस्त" म्हणणाऱ्यांपैकी काही जण एकट्यात विचारल्यावर रडले. "फरक असेलही," बाई म्हणाल्या, "पण जमात लिहिण्याआधी माणूस रात्री काय करतो ते लिहा."

भीमाची खरी अडचण त्यानंतर बाहेर आली. "पहिले जागलीत बाटली सोबत राहे. आता येकटा बसतो त जीव घाबरते." बाई त्याच्या पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, स्वतः गेल्या. भावाशी बोलल्या, तिथेच भाकर खाल्ली आणि दोघा भावांनी मिळून जागल करायची असे ठरवून परतल्या. तो हंगाम भीमा प्यायला नाही. पुढच्या हंगामात एकदा घसरला, तेव्हा बाईंनी त्याला एका शब्दानेही न दुखावता नवा तक्ता सुरू केला. मी असतो तर चार गोष्टी सुनावल्या असत्या.

बाईंना स्तुती सोसत नाही, म्हणून इथेच थांबतो. शुभेच्छा माझ्याच शब्दांत लिहिणार होतो, पण गेल्या आठवड्यात भीमाला या गौरवग्रंथाबद्दल सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "लिहा, बाईची तब्येत चांगली राहो, लय वर्सं जगो बाई. मले अजून बाटलीचं भेव वाटते."