मिसेसिंग

आमच्या गाडीच्या मागच्या दारावर चंदेरी अक्षरांत ‘टर्बो’ लिहिलेलं होतं. नागपूरहून घेतलेली जुनी डिझेल गाडी, पण सासरे दर रविवारी त्या अक्षरांवरून ओलं फडकं असं फिरवायचे, की जणू ती कालच कारखान्यातून आली आहे. आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणायचो. टर्बो म्हणजे काय, हे त्यांनी मला एकदा विचारलं. मी सांगितलं, इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, हवा जास्त म्हणून डिझेलही जास्त, आणि म्हणून जोर जास्त. ते म्हणाले, “म्हणजे खाते लय.” एवढं नेमकं माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने कधी सांगितलं नाही.

मी उमरखेडला ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते. माहेर यवतमाळचं, दोन पिढ्या कचेऱ्यांत गेलेल्या. सासर पुसदजवळच्या खेड्यात, कापूस, तूर आणि सोयाबीनवालं. नवरा पुसदला ऑफिसात. माझा पहिला तास साडेसातचा, आणि पहिली एसटी उमरखेडला पोचायची सात-पंचवीसला, तीही तिची मर्जी असली तर. एसटीच्या भरवशावर दोनदा उशीर झाला, तेव्हा प्राचार्यांनी बोलावून घेतलं. माझी नेमणूक वर्षावर्षाची होती. असंच चाललं तर पुढच्या वर्षी विचार करता येणार नाही, असं त्यांनी फार गोड आवाजात सांगितलं. म्हणून ही गाडी आली. गाडी चालली तर माझी नोकरी चालणार होती, इतकं ते सरळ होतं.

ती चालली दीड महिना. मग एका सकाळी, घाटाच्या तिसऱ्या वळणावर, तिने मान टाकली. आधी टर्बोची बारीक शिट्टी बंद झाली, मग इंजिन अडखळायला लागलं, गॅरेजवाले याला मिसिंग म्हणतात. एक धक्का, दोन ठीक, पुन्हा धक्का. उचकी लागलेल्या माणसासारखी ती वर सरकत होती. मागे उसाच्या ट्रकचा हॉर्न. मी बाजूला घेतली, बंद केली, देवाचं नाव घेतलं, पाच मिनिटांनी चावी फिरवली तर बाईसाहेब एकदम ठणठणीत. जणू काही झालंच नव्हतं.

हेच तर सगळं दुखणं होतं. ती माझ्यासमोर अडखळायची आणि बाकी जगासमोर शहाण्यासारखी वागायची. पुसदच्या मिस्त्रीकडे नेली. या माणसाचा हात ट्रॅक्टरवर घडलेला, कान मात्र पक्का. त्याने बॉनेट उघडून अॅक्सिलेटर दाबला, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, “मॅडम, मिसिंग तं नाई मारत. एकदम ओके हाय.” तरी माझ्या समाधानासाठी त्याने डिझेल फिल्टर बदलला. पुढच्या आठवड्यात नोझल साफ केले. त्याच्या पुढच्या आठवड्यात टर्बोच्या पायपाच्या पट्ट्या आवळल्या. दरवेळी “आता झाली पहा ओके” आणि दरवेळी तिसऱ्या वळणावर उचकी. कधी सलग दोन दिवस, कधी चार दिवस काहीच नाही. रोज बिघडली असती तर मी तिचे पाय धरले असते.

मग नवऱ्याने ठरवलं, की एकदा तोच चालवून बघणार. रविवारी तिघा मित्रांना भरून घाट चढून आला. घाटाच्या पायथ्याशी चहा झाला, वर जाऊन भजी झाली, गाडीने एकदाही नाक मुरडलं नाही. परत येऊन त्याने चावी खुंटीला अडकवली आणि ओसरीत, सगळ्यांच्या देखत म्हणाला, “मिसिंग नाई हाय ते. मिसेसिंग हाय.”

लोक किती हसले! हा एक शब्द गावभर झाला. मिस्त्रीपर्यंत पोचला. मी गाडी घेऊन गेले, की तो ओठ चावून बाहेर यायचा. पीठगिरणीवर बायका विचारायच्या, “काय म्हणते मिसेसिंग?” नवऱ्याचं म्हणणं असं, की गंमत केली, एवढं मनाला कायले लावून घ्यायचं. गंमतच होती ती. पण रोज पहाटे उठून, डबा करून, लेकीची वेणी घालून, चाळीस किलोमीटर गाडी हाकणाऱ्या बाईला गंमत ऐकायला थोडी झोप तरी मिळायला हवी. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आणि त्याहून वाईट म्हणजे मला स्वतःचाच संशय यायला लागला. क्लच नीट सोडते ना? गिअर उशिरा टाकते का? मी न्यूटन शिकवणारी बाई, घाट जवळ आला की मनातल्या मनात क्लच, गिअर घोकायला लागायचे.

शेवटी मी एक वही केली. मुलांना प्रयोगाच्या नोंदी लिहायला लावते, तशाच नोंदी. जागा, गिअर, ऊन की ढग, टाकी किती, किती वेळ थांबले. घरच्यांना ही वही म्हणजे आणखी एक गंमत झाली.

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. आमचा कापूस विकायचा थांबला होता, पुढची खोली पार छतापर्यंत भरलेली, पाहुणे ओसरीत बसायचे आणि त्या खोलीत पाऊल टाकलं की अंगाला खाज सुटायची. बाबा दिवसातून दोनदा तिथे जाऊन कापसात हात घालून बघायचे, आतून गरम तर झाला नाही ना. एरवी त्यांना करायला फारसं काही उरलं नव्हतं. म्हणूनच गाडीचं सगळं ते करायचे. पुसणं, हवा बघणं, डिझेल टाकणं. पंपावरचं डिझेल म्हणजे निम्मं पाणी, असं त्यांचं ठाम मत. ते ड्रममध्ये आणून दोन दिवस निवळू द्यायचे आणि मगच माझ्या गाडीत ओतायचे.

वहीत पंधरा नोंदी झाल्या आणि सोळाव्या वेळी घात झाला. त्या दिवशी ती एकदा नाही, दोनदा बसली. मी वर्गात पोचले तेव्हा पावणेआठ होऊन गेले होते आणि प्राचार्य व्हरांड्यात उभे. त्यांनी नुसतं घड्याळाकडे बघितलं. संध्याकाळी मी घरी सांगितलं. नवरा म्हणाला, “नायतरी टेंपररीच हाय. वर्षभर घरी राह्य.” बाबा म्हणाले, “घाटात पोरगी अडकून पडते, हे काई बरं नाई. सोमवारपासून यष्टीनं जा तू. गाडी राहू दे घरी.” त्यांनी चावी खुंटीवरून काढून खिशात टाकली. घरात बाबांचा शब्द शेवटचा असायचा.

एसटी म्हणजे उशीर, आणि आता उशीर म्हणजे नोकरी गेली, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. मी मोरीत जाऊन रागाने रडले. दुःखाने नाही, नुसत्या रागाने.

मग तोंड धुऊन वही घेऊन बसले. आणि तिथेच ते दिसलं, इतके दिवस डोळ्यांसमोर असलेलं. प्रत्येक नोंद चढावरची. उतारावर एकही नाही. आणि प्रत्येक वेळी इलाज एकच, पाच मिनिटं थांबणं. तुटकी तार पाच मिनिटांत जुळत नाही. खराब नोझल विश्रांतीने बरा होत नाही. टाकीत काहीतरी होतं, जे इंजिन डिझेल जोरात ओढायला लागलं की वर येऊन नळीत अडकत होतं, आणि ओढणं थांबलं की खाली पडत होतं. नवऱ्याचा घाट सुरळीत का गेला, तेही कळलं. त्याने पायथ्याशी चहा घेतला होता, तेवढ्यात ते खाली बसलं होतं. मला साडेसातचा तास होता, मी चहाला कशाची थांबते!

दुसऱ्या दिवशी रविवार. मी हट्टाने गाडी मिस्त्रीकडे न्यायला लावली. नवरा चालवत होता, बाबा पुढे, मी वही घेऊन मागे. मी म्हटलं, टाकी खोला.

“टाकी कायले खोलता मॅडम?” मिस्त्री वैतागला. “काकाजी सोता गाळून टाकतात डिझेल. एवढी साफ टाकी अख्ख्या पुसदात नसन.”

“खोला. काही निघालं नाही तर उद्यापासून एसटीने जाईन आणि पुन्हा या गाडीचं नाव काढणार नाही.”

नवऱ्याने आकाशाकडे बघितलं. मी तिथल्या जुन्या टायरवर बसले आणि हलले नाही. दीड तास लागला. डिझेल कॅनमध्ये काढलं, टाकी खाली उतरवली. मिस्त्रीने तारेचा आकडा आत घालून फिरवला आणि थांबला. मग हळूहळू ओढायला लागला. लांबच लांब, काळपट, डिझेलने निथळणारं काहीतरी बाहेर येत राहिलं. त्याने ते कागदावर ठेवलं आणि बोटांनी पिंजलं. आतून पांढरं निघालं.

“काकाजी,” तो हळूच म्हणाला, “हा तं कापूस हाय.”

बाबांनी खाली वाकून तो उचलला, दोन बोटांत धरून ओढून बघितला. धागा बघायची त्यांची ती सवयच होती.

“नरसाळ्यात बोळा ठेवतो मी,” ते म्हणाले. “सरकी काढून, हातानं पिंजून. कचरा जाऊ नये म्हणून. घरात येवढा पडला हाय.”

“मग त्याच ड्रममधलं डिझेल घेणारा आपला ट्रॅक्टर कसा बिघडत नाही?” मी विचारलं. माझा आवाज चढलेलाच होता.

“ट्रॅक्टरले नाई गाळत. ट्रॅक्टरले कसंबी चालते.” ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “गाडीत तू बसतं म्हणून गाळतो.”

चार महिन्यांचा राग तोंडाशी आला होता आणि तो ओतायला जागाच उरली नाही. इतकी माझी चिडचिड आयुष्यात कधी झाली नाही. नवरा लगेच पुढे झाला, “जाऊ द्या बाबा, तुमच्या मनात काई वाईट थोडी होतं.” मिस्त्रीही म्हणाला, होते कधी कधी काकाजी, काई नाई. दोघंही किती हळुवारपणे बोलत होते त्यांच्याशी. कुणी शब्दाची कोटी केली नाही. कुणी हसलं नाही. आणि माझ्याकडे वळून एक अक्षर बोलावं, असंही कुणाला वाटलं नाही. मी टायरवरून उठले आणि साडीला लागलेलं काळं झटकत राहिले.

घरी आल्यावर बाबांनी चावी परत खिशात टाकली, हात धुतले आणि वही मागितली. ओसरीत बसून, चष्मा लावून, त्यांनी ती पहिल्या पानापासून वाचली. तिसरं वळण, तिसरा गिअर, टाकी भरलेली, पाच मिनिटं. तिसरं वळण, दुसरा गिअर, टाकी भरलेली, सात मिनिटं. नवरा आत जेवायला बोलावत होता, तरी ते उठले नाहीत.

“हे सारं तू लिहून ठेवलं,” ते म्हणाले. “मंग बोलली काहून नाई?”

“रोज बोलत होते, बाबा.”

त्यांनी वही मिटली. मग खिशातून चावी काढून त्यांनी वहीवर ठेवली आणि दोन्ही माझ्यापुढे सरकवलं.

“आमीच ऐकलं नाई,” ते म्हणाले, मोठ्याने, आत जेवणाऱ्यालाही ऐकू जाईल असं. “उद्या साडेसातचा तास हाय ना तुहा?”